खाटेची खिडकीकडची बाजू

नोव्हेंबर संपत आला की मळवलीला ऊन एकदम येत नाही. ते आधी विसापूरच्या माथ्यावर उतरतं. खाली भातखाचरं अजून निळसर काळोखात असतात, इंद्रायणीवर धुक्याची लांब पट्टी पडलेली असते आणि वर मात्र तटाची एक कड तांबूस होऊन बसते. मग पायरी चुकायला नको म्हणून जपून उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखं ते ऊन डोंगरावरून खाली येतं. करवंदीच्या जाळ्या उजळतात. कापलेल्या भाताची बोटभर धसकटं एकेक करून उजळतात आणि प्रत्येकाची सावली त्याच्याहून कितीतरी लांब पडते. रुळांवरच्या तारांना दव लटकलेलं असतं. लोणावळ्याहून आलेली लोकल क्षणभर थांबते, निघून जाते आणि ती गेल्यावर आधीपेक्षा जास्त शांत वाटतं. पत्र्यांतून वाफ निघू लागते. कुठल्यातरी बंगल्याचा राखणदार मफलर गुंडाळून झाडांना पाणी घालत असतो आणि त्या पाण्यातही ऊन शिरतं. साधं, रोजचं ऊन. त्यात भिण्यासारखं काही नसतं.

प्रज्ञेश मात्र आजही त्या उन्हाकडे पाठ करून चहा पितो.

ही हकिगत घडलेली आहे. हिच्यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, ओसाड बंगला नाही. जे झालं ते सकाळी, लख्ख उजेडात, माणसांच्या देखत झालं. ती माणसं अजून मावळातच आहेत. विचारलं तर विषय बदलतात.

प्रज्ञेश मळवलीचा. वय तिशीच्या आत, पेशाने आर्किटेक्ट. घरात तो आणि वडील रतन, दोघंच. रतन रेल्वेत गँगमन होते. खंडाळ्याच्या घाटात रूळ सांभाळण्यात त्यांची उमर गेली. प्रज्ञेश अबोल. बैठकीत चार माणसं जमली की त्याचे शब्द घशातच राहत आणि मग तो पेन्सिल काढून बोले. त्याची रेघ सुरेख होती. त्या रेघेवरच इंदिरा मॅडमनी त्याला आपल्या ऑफिसात घेतलं होतं.

मॅडम तळेगावच्या. दवाखान्यांच्या इमारती बांधण्यात त्यांचे केस पांढरे झालेले. कामशेतच्या अलीकडच्या माळावर एका संस्थेला रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि संशोधन केंद्र उभारायचं होतं, आणि तेही तीन वेगळ्या इमारतींत नाही, एकाच छपराखाली. विद्यार्थ्याने पुस्तकाआधी रुग्णाचा चेहरा पाहावा आणि ज्याच्या रक्ताची नळी संशोधकाच्या हातात आहे, तो माणूस त्याला जिना उतरला की भेटावा, अशी ती कल्पना होती.

कल्पना सुंदर होती. कागदावर उतरेना.

सगळं अडत होतं एका खोलीपाशी, जिथे रुग्ण झोपणार त्या खोलीपाशी. रुग्णाला शांतता हवी. विद्यार्थ्यांना घोळक्याने उभं राहायला जागा हवी. संशोधकांना आपली यंत्रांची ट्रॉली खाटेला चिकटून हवी. एका खाटेभोवती तीन जगं बसवायची होती.

आणि चौथा माणूस असतोच.

आपल्याकडे रुग्णाबरोबर घरचं एक माणूस येतं. कुठल्याही नकाशात ते नसतं. ते खाट आणि भिंत यांच्या मधल्या पट्टीत चटई टाकतं, उशाला पिशवी घेतं, खालून गरम पाणी आणतं, सलाईन संपत आली की हाक मारतं. सगळा दवाखाना त्याला ओलांडून ये-जा करतो.

ती पट्टी प्रज्ञेशने स्वतः खोडली.

खाट आणि खिडकी यांच्यामधल्या त्या जागेत त्याने संशोधनाची ट्रॉली आणि दोन विद्यार्थी बसवले. घरच्या माणसांसाठी मजल्याच्या टोकाला वेगळी खोली काढली. तिथे स्वच्छ पलंग, न्हाणी, सामान ठेवायला कपाटं. मॅडम बेहद्द खूश झाल्या. निदान एकाने तरी या बायाबापड्यांना जमिनीवरून उचललं, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या.

त्याने ती पट्टी का खोडली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्याची आई यशोधरा अशाच एका पट्टीत गेली होती.

आदल्या वर्षीची गोष्ट. रतन न्यूमोनियाने पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात होते, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आई त्यांच्या खाटेशी चटई टाकून झोपायची. एका सकाळी प्रज्ञेश बाहेरच्या बाकावरून उठून आत आला. खिडकीचा पडदा सारला. ऊन खाटेवर पडलं. तो म्हणाला, “आई, ऊन आलं.” आई म्हणाली, “हं.” मग डॉक्टरांचा राउंड आला. विद्यार्थी खाटेभोवती उभे राहिले. त्यांनी रतनच्या छातीतले आवाज आळीपाळीने ऐकले. कुणीतरी समजूतदारपणे म्हणालंही, दमल्या असतील, झोपू द्या. राउंड पुढे गेला. फरशी पुसायला आलेल्या मावशींनी तिला उठवायला हात लावला, तेव्हा ती उठली नाही.

झोपेतच हृदय थांबलं, असं सांगण्यात आलं.

रुग्ण बरा होऊन घरी आला. सोबतीला गेलेलं माणूस आलं नाही.

प्रज्ञेश रडला नाही. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांढरा सदरा घालून तो भंतेंच्या समोर बसला. येईल त्याला सांगत राहिला, की मी ऊन आलं म्हणालो, ती हं म्हणाली, मग गेली. मावश्या डोळे पुसत म्हणाल्या, भाग्याचा आहेस, तुझ्याशी बोलून गेली. त्या एका हुंकारावर त्याने वर्ष काढलं. बाकी आत काही हलत नव्हतं. जेवण बेचव लागे, पण तो जेवे. गाडीवरून जाताना हात गारठत, पण ते दुसऱ्या कुणाचे असावेत असं वाटे.

बांधकामाआधी खोली खरीखुरी उभी करून पाहायची, ही मॅडमची रीत होती. माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लायवूडच्या भिंती उभारून अख्खी खोली केली गेली. मूळ मापाची. खरी खाट, खरा पडदा, गजांची खिडकी, आणि तीही पुढे असणार त्याच दिशेला, म्हणजे पूर्वेला. साइटवर सगळे तिला सॅम्पल म्हणत. तिथे डॉक्टर, नर्स, विद्यार्थी येऊन राउंडची तालीम करणार आणि मग संस्थेचे लोक खोली पक्की करणार. एकदा पक्की झाली की तीच खोली प्रत्येक मजल्यावर शेकड्याने ओतली जाणार होती. नंतर वीतभर भिंतही हलवता आली नसती.

सॅम्पल उभं राहिलं, त्याच आठवड्यात कैलास प्रज्ञेशला हसला.

कैलास साइटचा राखणदार, शेजारच्याच वाडीतला. तोंडाने फटकळ. तो दारात उभा राहून म्हणाला, “साहेब, हितं काय पुरलंय का? मगाधरनं बगतोय. खिडकीकडं जाताना तुमी पाय उचलून टाकताय.”

प्रज्ञेशने खाली पाहिलं.

जमीन सपाट होती. रिकामी.

तो खरंच पाय उचलून पलीकडे गेला होता. कुणी झोपलेलं असावं तसा.

लहानपणी तो कुणाला ओलांडून गेला की आई ओरडायची. निजल्या माणसाला ओलांडू नये. ओलांडलंस ना, आता परत उलटा ये. आणि तो परत उलटा येई. हे त्याला त्या क्षणी आठवलं, आणि आठवलं म्हणून तो घाईने शेडबाहेर पडला. खिडकीपाशीच्या मापाची नोंद राहून गेली.

मग ट्रॉली.

संशोधनाची ट्रॉली खाटेच्या खिडकीकडच्या बाजूला लावून संध्याकाळी शेडला कुलूप घालत. सकाळी उघडलं की ती दाराशी असे. नीट, भिंतीला लावून. वाटेतून कुणी हलक्या हाताने बाजूला सारावी तशी. कैलासने शपथ घेतली की चावी त्याच्या कमरेलाच असते. मॅडम म्हणाल्या, जमिनीला उतार असेल. सुताराने पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध थांबला.

ट्रॉलीच्या चाकांना अडसर लावला. सकाळी अडसर जागच्या जागी होता.

ट्रॉली दाराशी होती…

आणि धूळ. शेडमध्ये दिवसभर प्लायवूड कापलं जाई, त्याचा पिवळट भुगा रात्रीतून सगळ्यावर बसे. खाटेवर, चौकटीवर, साऱ्या जमिनीवर. एका सकाळी ऊन खिडकीतून तिरपं आत आलं, तेव्हा प्रज्ञेशला दिसलं…

खिडकीकडच्या पट्टीत भुगा नव्हता.

माणसाच्या लांबीचा, खांद्याएवढ्या रुंदीचा तुकडा. कडा सरळ. चटई उचलून घेतल्यावर उरतो, तसा.

तो बराच वेळ पाहत राहिला. घाबरला नाही. घाबरायला आत कुणीतरी जागं असावं लागतं. त्याने केरसुणी आणली आणि उरलेली सगळी जमीन झाडून काढली, म्हणजे तो तुकडा वेगळा दिसायला नको.

तालमीचा दिवस उजाडला. मोठे डॉक्टर श्रीपाद सर पुण्याहून आले. पुढे याच महाविद्यालयात ते शिकवणार होते. बरोबर विद्यार्थ्यांचा घोळका. मानसी सिस्टर आल्या. त्यांनी अनेक वॉर्ड सांभाळले होते आणि कुठली खोली चालेल, कुठली नाही, हे त्या दारातूनच सांगत. रुग्ण म्हणून झोपायला माणूस हवा होता. कैलासला झोपवलं. तो चप्पल काढून, हात छातीवर ठेवून पडला आणि म्हणाला, निजायचा पगार आमच्या खानदानात पहिल्यांदाच कुनाला मिळतोय. सगळे हसले. मानसी सिस्टरनी त्याला दटावलं, की पेशंट इतका खूश असेल तर डिस्चार्ज देईन.

विद्यार्थ्यांसाठी जमिनीवर खडूने पावलं काढली होती. दोन पावलं खिडकीकडच्या पट्टीतही होती. ज्याने त्याने आपल्या पावलांवर उभं राहायचं.

सर म्हणाले, चला, उभे राहा.

सगळे उभे राहिले. दाराकडच्या बाजूला दाटी झाली. खांद्याला खांदे लागले. एक मुलगी तर कपाटात अर्धी शिरली.

खिडकीकडे कुणीच गेलं नाही.

मॅडमनी दोघांना नावाने सांगितलं, तुम्ही पलीकडे जा. दोघं गेले. खाटेच्या पायथ्यापर्यंत गेले आणि थांबले. मॅडमनी विचारलं, काय झालं? त्यातला एक, सूरज नावाचा, ओशाळून म्हणाला, “मॅडम, तिथे… पाय पडेल असं वाटतंय.”

कशावर, हे त्याला सांगता येईना. दुसरा नुसताच मान हलवत राहिला.

मानसी सिस्टरनी पट्टीकडे एकदा पाहिलं आणि सवयीने, नकळत, आपल्या साडीच्या निऱ्या थोड्या वर धरल्या. वॉर्डात जमिनीवरच्या माणसांतून वाट काढताना धरतात तशा.

सरांना वेळ नव्हता. त्यांनी तालीम सुरू केली. आवाज भरदार, शिकवायचा. कैलासची नाडी पाहिली. विद्यार्थ्यांना खोकल्याबद्दल विचारलं. मग राउंडवर जे नेहमी विचारतात ते त्यांनी विचारलं.

“पेशंटबरोबर कोण आहे?”

“हं.”

आवाज बाईचा होता. बारीक. झोपेतून दिलेला.

खालून आला होता…

खोलीत कुणी हललं नाही. बाहेर कुठेतरी काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, तो फिरतच राहिला. सरांनी कैलासकडे पाहिलं. कैलास खाटेवर उठून बसला होता, पाय वर ओढून घेतलेले, तोंड पांढरंफटक.

“मी न्हाई,” तो म्हणाला. “आईची आण, मी न्हाई.”

सरांनी गळा साफ केला. पुढचा प्रश्न विचारायच्या ऐवजी त्यांनी घड्याळात पाहिलं आणि आजच्यापुरतं पुरे झालं म्हणाले. विद्यार्थी एका ओळीत बाहेर पडले. मॅडमनी दाराशी थांबून, शेडमध्ये आवाज घुमतो, बाहेर कामकरी बाया असतात, असं काहीतरी सांगितलं. कुणी त्यांना विरोध केला नाही. कुणी मान्यही केलं नाही.

प्रज्ञेश भिंतीला टेकून उभा होता. त्याने तो आवाज ओळखला होता. आणि त्याच्या मनात भीती आली नाही, दुःख आलं नाही. आला तो एक हिशेबी, कोरडा दिलासा. बघा, ती हं म्हणते. तेव्हाही म्हणाली होती.

घरी त्याने वडिलांना सांगितलं. न सांगण्याचं ठरवून घरी गेला होता, पण जेवता जेवता सांगून टाकलं. त्यांच्या घरात भूत-पिशाच मानत नसत. तो वारसा आजोबांपासूनचा. रतनने ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा हातातच राहिला. हसले नाहीत. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की सकाळी मला तिथं ने.

सकाळी त्याने वडिलांना गाडीवर मागे बसवून नेलं. धुकं विरत होतं. रतनला दम लागे, म्हणून तो सावकाश चालवत होता. शेडपाशी कैलास शेकोटीवर हात शेकत होता. रतनला पाहून तो उठला, आबा बसा म्हणाला, पण सॅम्पलच्या दारापर्यंत आला नाही. तालमीच्या दिवसापासून तो बाहेरच कुलूप काढून चावी प्रज्ञेशच्या हातात देई.

ट्रॉली दाराशी होती.

रतनने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. आत आले. पट्टीच्या कडेने वळसा घालून, ती न तुडवता, खाटेपाशी गेले. बसले. मग आडवे झाले. उजवा हात खिडकीकडच्या बाजूने खाली सोडला.

बोटं हळूहळू मिटली. रिकाम्या हवेवर मिटतात तशी नाही. कशाभोवती तरी.

त्याच वेळी ऊन आत आलं.

खिडकीच्या गजांच्या सावल्या जमिनीवर पडल्या. दाराकडून पाहताना त्या सरळ होत्या, पट्टीने आखल्यासारख्या. प्रज्ञेशला रेघा कळत. आयुष्यात त्याला दुसरं काही कळत नसलं तरी रेघा कळत. त्या सावल्या पट्टीपर्यंत सरळ येत होत्या आणि पट्टीत आल्यावर…

उचलल्या जात होत्या.

किंचित. एकामागून एक. कुशीवर झोपलेल्या माणसाच्या अंगावरून रेघ जावी तशा त्या वर चढत, वाकत आणि पलीकडे उतरून पुन्हा सरळ होत.

तो पाहत राहिला. त्या वाकणात श्वास नव्हता. सावल्या वर-खाली होत नव्हत्या.

रतन छताकडे बघत होते. डोळे कोरडे.

“भूतबित काय नसतं,” ते म्हणाले. “पर हितं हाय ती.”

प्रज्ञेश खाटेच्या पायथ्याशी आला.

“त्या रातीबी असाच हात सोडला हुता मी. तिनं धरला हुता. मला झोप न्हवती. मास्क लावल्याला, बोलता येत न्हवतं. पहाटं तिचा हात गार पडला. मला कळलं. तोंडावरचा मास्क काडाया गेलो, हात उचलंना. मग तिचा हात तसाच धरून ऱ्हायलो.” त्यांनी थांबून दम घेतला. “तू आलास तवा उजाडलं हुतं.”

“पण ती हं म्हणाली, बाबा.”

रतनने डोळे मिटून घेतले.

“मी ऊन आलं म्हणालो. ती हं म्हणाली. मी ऐकलं.”

“समद्यांना तू त्येच सांगत हुतास,” रतन म्हणाले. “मंग मी कशाला मोडू?”

“झोपेत म्हणतात माणसं. पूर्ण जागी नसताना म्हणतात.”

रतनने मान वळवून मुलाकडे पाहिलं. ते पाहणं फार वेळ टिकलं. मग त्यांनी बोटं उघडली, हात वर घेतला, छातीवर ठेवला. सावल्या सरळ झाल्या होत्या. केव्हा झाल्या, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

परतीच्या वाटेवर, भाज्याच्या फाट्यापाशी, रतनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घर येईपर्यंत काढला नाही.

संस्थेचे लोक खोली पक्की करायला यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी प्रज्ञेश मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. त्याने नवा नकाशा आणला होता. खाट दाराकडे सरकलेली. खिडकीकडच्या बाजूला पट्टी मोकळी. ट्रॉली पलीकडच्या भिंतीत, कपाटात. आणि त्या पट्टीत जमिनीपासून थोडा उंच, लाकडी, झोपता येईल असा कट्टा.

मॅडमनी नकाशा बराच वेळ पाहिला. अशाने खाटेभोवती विद्यार्थी कमी मावतील, म्हणाल्या. सरांना दोन तुकड्या कराव्या लागतील. एवढं सुंदर सोडवलेलं तू पुन्हा का गुंतवतोस?

त्याला पेन्सिलीने सांगता येईना. म्हणून तो बोलला.

“मॅडम, तिथे माणूस झोपतं. आपण काढलं नाही तरी झोपतं. मग निदान ते दिसावं. राउंडला आलेल्यांना दिसावं. श्वास चालू आहे की नाही, एवढं तरी.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तालमीच्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नव्हता. आताही काढला नाही. श्रीपाद सरांना मी समजावते, म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, दुसऱ्याच कागदाकडे बघत, म्हणाल्या, “कट्ट्याला कडा गोल कर. निऱ्या अडकतात.”

खोली तशीच पक्की झाली. श्रीपाद सरांनी एकदाही कारण विचारलं नाही. आज त्या माळावर इमारत वर चढते आहे आणि प्रत्येक मजल्यावर खाटेच्या खिडकीकडच्या बाजूला ती पट्टी ओतली जाते आहे. मानसी सिस्टर मध्यंतरी बघायला आल्या होत्या. कट्ट्यावर बसून पाहिलं, कमरेला बरं वाटलं म्हणाल्या आणि उठताना तिथल्या रिकाम्या जागेला म्हणाल्या, येते हं मावशी. मग स्वतःच दचकल्या.

सॅम्पल मोडायचा दिवस ठरला, तेव्हा प्रज्ञेश सकाळी एकटा गेला. कैलासने बाहेरून चावी दिली. तो एवढंच म्हणाला, “साहेब, लवकर या. सुतार यायचंत.”

आत सगळं होतं तसं होतं. ट्रॉली खिडकीपाशी, जिथे शेवटी ठेवली होती तिथेच. पट्टीवर भुगा बसला होता. इतर जमिनीसारखाच, पिवळट, अखंड.

तो पट्टीशी थांबला. मग पाय उचलून पलीकडे गेला. खिडकीला लावलेला पडदा सारला. ऊन खाटेवर पडलं, खाटेवरून घसरून जमिनीवर आलं. गजांच्या सावल्या सरळ होत्या.

“आई,” तो म्हणाला. “ऊन आलं.”

बाहेर शेकोटीतलं लाकूड तडकलं. रुळांवरून एक मालगाडी गेली आणि जाता जाता तिने पत्रे थरथरवले. ते थांबले.

त्याने वाट पाहिली. परक्या डॉक्टरला, कधी न पाहिलेल्या माणसाला, भर घोळक्यात जिने उत्तर दिलं होतं, ती आता उत्तर देईल म्हणून तो उन्हात उभा राहिला. ऊन त्याच्या पायांवरून सरकून भिंतीवर चढलं. सुतार आले. दारात घुटमळले. कैलासने त्यांना मागे ओढलं.

काहीच ऐकू आलं नाही.

तालमीच्या दिवशी हं कोण म्हणालं, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

त्याने ज्या सकाळी पडदा सारला, त्या सकाळी मात्र कुणीही हं म्हणालं नव्हतं. आई पहाटेच मेली होती, आणि तो तिला ओलांडून खिडकीपाशी गेला होता.